तेफळं

गणपती एक, चुली दोन.
सहा वर्षं झाली.
मखर मधल्या खोलीत. उजवीकडच्या दारातून आम्ही येतो,
डावीकडच्या दारातून थोरले.
घुमट मात्र एकच,
आणि त्याला चामडं एकाच तोंडाला.

पहाटेपासून मी आदोळीवर बसले आहे.
सुरण आधी, हात खाजून मोकळे व्हावेत म्हणून.
मग कणगं, कच्चं केळं, मुळा, शेंगा,
फोंड्याच्या बाजारात भाव ऐकून
परत ठेवलेला आणि परत उचललेला नीरफणस.
शर्मदा मोजते. बारा.
बारा नको, खतखत्यात भाज्या विषम लागतात.
का लागतात, हे नवी आले तेव्हा विचारायचं राहिलं,
आता विचारावं असं कुणी उरलं नाही.
तेरावा म्हणून एक मका तोडून टाकला.

तूरडाळ शिजली. खोबरं वाटलं,
हळद, सुकी मिरची, गुळाचा खडा, दोन सोलं.
आणि तेफळं?
गुरुदास दारात उभा, हातात रिकामी पिशवी.
एकच घोस आणला होता त्यानं,
तो काल रात्री स्टुलावर चढून
स्वतःच माटोळीला बांधला,
सुपारीच्या कातऱ्याशेजारी, छान दिसतो म्हणून.
आता विसर्जनापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

तेफळाचं झाड आहे की.
न्हाणीमागे, वीस पावलांवर.
पण त्या वीस पावलांचा खटला चालू आहे.
कोर्टानं सांगितलंय, जैसे थे.
म्हणजे त्यांनी तोडायची नाहीत, आम्हीही नाहीत.
झाडाला कागद वाचता येत नाही,
ते दर श्रावणात धरतं, भाद्रपदात हिरवं गच्च होतं,
मग फुटतं, काळ्या बिया खाली पडतात,
दोघांच्याही मालकीच्या, म्हणून कुणाच्याच नाहीत.
पाच वर्षं आम्ही विकतची घातली.
वास यायचा. जीभ कधी झिणझिणली नाही.

मी म्हटलं, राहू दे, यंदा तशीच.
पातोळ्यांसाठी हळदीची पानं धुवायला
मागचं दार उघडलं,
तर उंबऱ्यावर एका पानात
मूठभर तेफळं.
देठासकट, पाल्यासकट,
एक काटाही तसाच राहिलेला.
परसात कुणी नव्हतं. फक्त थोरल्यांच्या बाजूची
कडी नुकती पडल्यासारखी वाजली.

मी काही बोलले नाही.
ठेचली, घातली, झाकण ठेवलं.
वास मधल्या खोलीत गेला. तो तर दोन्ही दारांनी जातो.

आरतीला शांबाभावजींनी घुमट घेतलं.
चौसष्ट वय, गुडघे दुखतात, तरी मांडी घालून.
उजव्या मनगटावर तीन ओरखडे,
त्यांवर हळद दाबलेली.
शर्मदानं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.
गुरुदास झांज वाजवत होता.
एकाएकी त्याचा ताल चुकला,
मग बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

पंगती दोन. तिकडच्या तिकडे, इकडच्या इकडे.
मी मोठी वाटी भरली
आणि पोरीला डाव्या दारानं पाठवलं.
येताना ती रिकामी आली नाही, येत नसतेच,
दोन नेवऱ्या होत्या, काठ जाड दुमडलेले,
माझ्या जावेच्या हाताचे.
"काकानं विचारलं," शर्मदा म्हणाली,
"तेफळां पुरलीं मगो?"

पुरली, म्हणून सांग, गुरुदास म्हणाला. मग म्हणाला, थांब.
पण पुढे काही सुचलं नाही त्याला.
पानाच्या कडेला तेफळं काढून ठेवली होती,
ती काढूनच ठेवायची असतात.
त्यानं एक उचललं आणि चावलं.
डोळ्यांत पाणी, जीभ बधिर,
पाण्याचा तांब्या हातात तसाच.

बावीस तारखेला सुनावणी आहे.
वकिलाचे पैसे अर्धे द्यायचे राहिलेत.
खतखतं अजून आहे,
रात्री शिळं जास्त चांगलं लागेल.
मी मोठं पातेलं
मधल्या दाराजवळ सरकवून ठेवलं आहे.
झाकण अर्धं उघडं.